खोक्यावरचे चार जीबी

एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे साईमंदिर पुन्हा बंद झालं आणि आमच्या फोटो-फ्रेमच्या दुकानाचं शटरही खाली आलं. शिर्डीत मंदिर बंद म्हणजे सगळंच बंद. माझे इंटिरिअर डिझाइनचे वर्ग घरच्या कॉम्प्युटरवरच चालू होते आणि पुढच्या सत्रापासून थ्रीडी रेंडर लागतील असं मॅडमनी बजावलं होतं. धाकट्या भावाला त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळायचे होते. पप्पांच्या हातात सहा हजार होते. त्यात क्रिप्टो मायनिंग आणि चिपच्या टंचाईने बऱ्या ग्राफिक्स कार्डांचे भाव त्या वर्षी आभाळाला भिडलेले.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कार्डाचं खोकं काउंटरवर ठेवलं. त्यावर ठसठशीत '4 जीबी'. "ताई, चार जीबी आहे, डोळे झाकून न्या. ऑटोकॅड, गेम, सगळं पळतं." आम्ही खरंच डोळे झाकून नेलं. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत जीटी 730 लिहिलं होतं, म्हणजे 2014 सालचं कार्ड. ते वाचायचं असतं हेच कुणाला माहीत होतं!

गंमत म्हणजे पहिले दोन महिने सगळं पळालंही. भावाचा व्हॅलोरंट चालायचा, माझं ऑटोकॅड चालायचं. व्हॅलोरंट हा गेम जुन्या इंटेल प्रोसेसरमधल्या एचडी 4000 ग्राफिक्सवरही चालावा असाच बांधलेला आहे, आणि ऑटोकॅडचे साधे नकाशे मुख्यतः प्रोसेसर ओढतो, हे पुढे कळलं. शाबासकी आम्ही कार्डाला देत होतो.

मग एका बेडरूमचं रेंडर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लावलं. रात्री अकराला लावलेलं चित्र सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा निम्म्यावर होतं. वर्गातल्या मैत्रिणी वापरत होत्या ते डी5 रेंडर तर माझ्याकडे उघडेचना. त्याची किमान अपेक्षा 6 जीबीच्या जीटीएक्स 1060 ची होती.

चार जीबी असून असं का? शिर्डीतल्या माणसाला हे पाण्याच्या भाषेत पटकन कळेल. जीबी म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकी केवढीही असो, खालची तोटी बारीक असेल तर बादली भरायला तासच लागणार. आमच्या कार्डातली मेमरी डीडीआर3 जातीची, सेकंदाला 14.4 जीबी सोडणारी. जीटीएक्स 1650 चीही टाकी चारच जीबीची, पण साध्या जीडीडीआर5 आवृत्तीतसुद्धा सेकंदाला 128 जीबी. नऊपट फरक! शिवाय गणित करणारे कोअर आमच्याकडे 384, तिकडे 896. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ती टाकी. तोटी शोधावी लागते.

नावातही फसगत आहे. जीटी 1030 नावाची दोन कार्डं आहेत, एक जीडीडीआर5 आणि एक डीडीआर4. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश. आरटीएक्स 3060 हे 12 जीबीचंही आहे आणि 8 जीबीचंही, आणि 8 वाल्याची तोटीसुद्धा बारीक. 3050 चं 6 जीबीवालं कार्ड 8 जीबीवाल्यापेक्षा कोअरनेही कमी. बिलावर पूर्ण नाव, मेमरीची जात आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

अभ्यास आणि गेम दोन्हीसाठी एकच कार्ड घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: आधी अभ्यासाचा हिशेब करा. गेम तडजोड करतो. अल्ट्रावर नाही चालला तर मीडियमवर खेळा, मजा तेवढीच येते (भाऊ हे मान्य करत नाही). रेंडर तडजोड करत नाही. सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर तो अडतो नाहीतर रखडतो, आणि सबमिशन मात्र उद्याच असतं. म्हणून सीनियरना विचारा की शेवटच्या वर्षी कोणतं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याच्या किमान नव्हे, शिफारस केलेल्या गरजा पाहा. गेमसाठी त्याच पैशात एएमडीचं कार्ड बऱ्याचदा जास्त फ्रेम देतं; पण ब्लेंडरमध्ये वेग देणारं ऑप्टिक्स एनव्हिडियाचंच, आणि कित्येक रेंडर सॉफ्टवेअरं आधी त्याच घराण्याकडे बघतात.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, भाव उतरले. मंदिर ऑक्टोबर 2021 लाच उघडलं होतं, दुकान सावरलं होतं. 2023 च्या सुरुवातीला तीसेक हजारांत 12 जीबीचं 3060 घेतलं. मायनिंगमध्ये राबलेली जुनी कार्डं निम्म्या भावात मिळत होती, मोह झालाच. जुनं घ्यायचंच असेल तर समोर लावून जीपीयू-झेड उघडा. खोटं नाव चढवलेलं जुनं कार्ड तो बऱ्याचदा पकडतो. मग अर्धा तास ताण देऊन पंखा आणि तापमान बघा.

नव्या कार्डानेही रडवलं. गेम ठीक, पण रेंडर लागलं की दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी, कॉम्प्युटर पुन्हा सुरू. भावाने कार्डाला शिव्या घातल्या. दोष कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, निघाला. वर 450 वॉट छापलेलं, पण स्टिकरवर 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. बारा गुणिले सोळा, 192 वॉट. कार्ड एकटंच 170 मागतं, वर प्रोसेसर. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरही त्यात नव्हती, जोड देऊन भागवलेलं. चांगल्या कंपनीचा 550 वॉटचा बसवला आणि ते दुखणं संपलं. म्हणून कार्ड घ्यायला जाण्याआधी घरचं कॅबिनेट उघडा: स्टिकर वाचा, आतली लांबी टेपने मोजा.

उन्हाळ्यात मात्र वेगळा घोळ. आमची खोली दुकानावर, आणि खाली दिवसभर फ्रेमच्या पट्ट्या कापतात. मे महिन्यात पंखा विमानासारखा ओरडायला लागला म्हणून झाकण काढलं, तर पात्यांवर लाकडाच्या भुश्शाचा पिवळसर थर, बोटाने खरवडावा इतका. आता दर पंधरवड्याला ब्रश फिरवते आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलंय.

ते जीटी 730 खाली दुकानात आहे. त्यावर दोन स्क्रीन चालतात: एकावर बिलं, दुसऱ्यावर पप्पा गिऱ्हाइकांना साईबाबांच्या फोटोंचे नमुने दाखवतात. खोकंही त्यांनी टाकलेलं नाही. '4 जीबी'च्या त्या खोक्यात फ्रेमचे हुक आणि चुका ठेवल्यात.