फराळातून हरवलेले फळ

'फराळ' हा शब्द 'फलाहार' या शब्दापासून आला. आज दिवाळीच्या फराळात चकली, चिवडा, लाडू असतात आणि उपवासाच्या फराळात साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस. फळ तेवढे शब्दात शिल्लक राहिले! 'तोंडीलावणे' हा शब्दही असाच बोलका आहे. जेवण म्हणजे भाकरी किंवा पोळी. भाजी ही तिच्या तोंडी लावायची. आम्हा विद्यार्थ्यांच्या ताटाकडे पाहिले, की हे दोन्ही शब्द अगदी खरे वाटतात.

आहारशास्त्राचा ऊहापोह करण्याचा माझा अधिकार नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. परंतु गावाहून शहरात शिकायला आल्यापासून दोन वर्षे खानावळीत जेवते आहे, तेवढ्या अनुभवावर चार शब्द लिहावेसे वाटतात. मध्यंतरी मी आमच्या मेसचा आठवड्याचा फलक वहीत उतरवून घेतला. सोमवारी बटाट्याचा रस्सा, मंगळवारी फ्लॉवर-बटाटा, बुधवारी मटार-बटाटा, गुरुवारी मटकीची उसळ, शुक्रवारी वांगी-बटाटा, शनिवारी पिठले आणि रविवारी पनीर. वाटीत भाजी रोज आहे, असे कोणीही म्हणेल. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला दिवसाकाठी निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे सांगते, त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद मुळीच धरलेले नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तर २००० कॅलरींच्या आहाराला ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. या हिशेबाने आमचा फलक वाचला, म्हणजे मंगळवारी फ्लॉवरचे दोन तुरे, बुधवारी थोडे मटार आणि शुक्रवारी अर्धे वांगे एवढेच हाती लागते.

याचा दोष मेसवाल्या मावशींना देणे सोपे आहे. मीही त्यांना विचारले, "मावशी, पालेभाजी का नाही करत?" त्या म्हणाल्या, "अगं, निवडणार कोण?" या उत्तरात सगळे अर्थशास्त्र आले. बटाटा पोत्यात आठवडे टिकतो, शिजवला तरी आटत नाही, आणि त्याला नाक मुरडणारा मुलगा सापडणे कठीण. मेथीचे तसे नाही. जुडी सोडा, माती झाडा, पाने खुडा, दोन-तीन पाण्यांतून धुवा. आणि कढईभर पाला शिजून वाटीभर होतो. घरी हे काम आई किंवा आजी दुपारी गप्पा मारता मारता करते, म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही. मेसमध्ये त्याच कामाला मजुरी पडते. आमच्यापैकी कितीतरी जणी गावी अंबाडी, चाकवत, तांदुळजा खाऊन वाढलेल्या. शिक्षणासाठी शहरात आलो आणि ही नावे सुट्टीपुरती उरली.

हा केवळ चवीचा प्रश्न असता, तर मी लिहिले नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या कक्षेत आढळल्या. वर्गातला बाक डोळ्यांपुढे आणावा : तीन मुली बसल्या तर त्यांतल्या जवळजवळ दोघी. दुपारच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो! रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, एकट्या भाजीने तो जाईल असे नाही. पण डाळी-भाज्यांतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि जेवणावरोबर घेतलेला चहा त्यात आडवा येतो. आमचा क्रम नेमका उलटा. ताटातली लिंबाची फोड तशीच टाकायची आणि हात धुतला की टपरी गाठायची.

फळांविषयी तर आमची समजूत अजबच आहे. फळ म्हणजे सफरचंद, आणि ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचे. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत सफरचंद अगदीच गरीब. पेरूत ते संत्र्याच्याही कितीतरी पट असते. बटाटा आणि पेरू दोघेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. एक थेट आमच्या ताटात जाऊन बसला. दुसरा अजून महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर हातगाडीवर तिखटमीठ लावून उभा आहे. त्याच्या शेजारीच वडापावची गाडी. भूक लागली की पाय तिकडे वळतात हे खरे, कारण पेरूने पोट भरत नाही. पण वडापावातही पुन्हा बटाटाच!

दिवाळीनंतर मावशींनी एक तोड काढली. "तुम्ही निवडून द्या, मी दर रविवारी मेथी करते." पहिल्या रविवारी दहा जुड्या आल्या. निवडायला आम्ही सहाजणी बसलो होतो. मुलगे जेवायला अगदी वेळेवर आले, आणि भाजी कमी पडली म्हणून तक्रारही त्यांनीच केली. पुढच्या रविवारी मावशींनी निवडणाऱ्यांची यादी फलकाशेजारी लावली. तीत आता चार मुलग्यांची नावे आहेत.