शाळा संपल्यावर स्वमग्न मुलाचे काय?

जून महिन्यातली गोष्ट. एक गृहस्थ आपल्या १८ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. विशेष शाळेतले त्याचे शिक्षण एप्रिलात संपले होते. "डॉक्टरसाहेब, रोज साडेदहाला दप्तर घेऊन फाटकाशी उभा राहतो. गाडी आली नाही की स्वतःचा हात चावतो. झोपेचं औषध लिहून द्या," वडील म्हणाले.

मी आधी त्याचे तोंड तपासले. दाढ किडली होती! ज्यांना बोलून सांगता येत नाही, ती मुले दुखणे अशा वागण्यातून सांगतात. म्हणून चिडचिड एकाएकी वाढली की दात, कान, बद्धकोष्ठता आधी पाहावी. काही स्वमग्न मुलांना याच वयात प्रथम आकडी येते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

दाढ काढल्यावर त्रास निम्मा झाला. उरलेला निम्मा शाळेचा होता. दिवसाचा ठरलेला क्रम हा या मुलांचा मोठा आधार. शाळेबरोबर तोच गेला. वडिलांचे किराणा दुकान आहे. साडेदहाला दुकान, डाळीच्या अर्ध्या किलोच्या पुड्या, एकला जेवण, अशी चित्रे काढून भिंतीवर लावली. आता त्याचे वजन कधी चुकत नाही. गिऱ्हाईक आले की तो आतल्या खोलीत जातो. जाईना का!

खरे तर ही तयारी चौदाव्या वर्षीच व्हायला हवी. दाढी करणे, कपडे धुणे, पैसे मोजणे हे शाळा चालू असतानाच शिकवावे. पूर्वी मीही "मोठा झाला की शिकेल" असे सांगत असे. ती माझी चूक होती.

आणखी एक. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येते. मात्र ते प्रत्येकालाच लागते असे नाही. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याचे ते त्यालाच घेऊ द्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र अवश्य काढून घ्यावे.

वडिलांनी हे सारे कागदावर उतरवून घेतले. जाताना म्हणाले, "आमच्यामागे पालक म्हणून थोरलीचं नाव घातलं तर?"

मी म्हटले, "आधी तिला विचारा."