घटक ५ : पत्ता आणि वाट : विद्यापीठीय संगणकजालांमधील ई-टपालाचा भाषिक विचार

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• विविध संगणकजालांच्या पत्तालेखनातील भेद सांगणे.
• 'पत्ता' आणि 'वाट' यांतील फरक निर्देशकतेच्या आधारे स्पष्ट करणे.
• संरचनात्मक संदिग्धता म्हणजे काय, हे सोदाहरण सांगणे.
• भाषिक प्रमाणीकरणाचे लाभ व त्याची किंमत यांविषयी स्वतःचे मत मांडणे.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चिन्ह आणि संकेत यांचा संबंध पाहिला. चिन्हाला अर्थ असतो तो ते वापरणाऱ्यांच्या आपसांतील करारामुळे, हे त्या विवेचनाचे सार होते. करार करणारे समूह एकाहून अधिक असतील आणि त्यांना परस्परांशी व्यवहार करायचा असेल, तर काय घडते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक अर्वाचीन उदाहरण येथे निवडले आहे. १९८० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांचे संगणक एकमेकांना पत्रे पाठवू लागले. परंतु त्या सर्वांचे मिळून एक जाल नव्हते. जाले अनेक होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी होती. पत्र पोहोचणे वा हरवणे हे त्या रीतींच्या अर्थनिर्णयावर अवलंबून असे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ चार जाले, चार रीती

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतील अर्पानेट या जालावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले. त्यासाठी व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी @ हे चिन्ह योजले. 'अमुक यंत्रावरील अमुक व्यक्ती' असा त्याचा अर्थ.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांना जोडून बिटनेट हे जाल सुरू झाले. पुढे आयबीएम कंपनीच्या साहाय्याने युरोपात उभे राहिलेले अर्न हे जाल त्याला जोडले गेले. येथे पत्र एका यंत्रावर संपूर्ण साठवून मग पुढच्या यंत्राकडे सोपवले जाई. यंत्राचे नाव आठ अक्षरांहून मोठे नसावे, असा दंडक होता.

तिसरी रीत यूयूसीपी या पद्धतीची. तिचा उगम बेल प्रयोगशाळेत झाला. साध्या दूरध्वनीवरून एक यंत्र दुसऱ्याला ठरावीक वेळी हाक मारी आणि साठलेली पत्रे देऊन-घेऊन मोकळे होई. चौथे जाल ब्रिटनमधील विद्यापीठांचे. जॅनेट या नावाने ते १९८४ मध्ये सुरू झाले आणि त्याने आपले स्वतंत्र नियम अनुसरले.

५.२.२ पत्ता की वाट?

यूयूसीपीच्या रीतीत पत्ता असा लिहीत :

क!ख!ग!रमा

येथे क, ख, ग ही यंत्रांची कल्पित नावे आहेत. 'प्रथम क कडे जा, तेथून ख कडे, तेथून ग कडे, तेथे रमा भेटेल' असा याचा अर्थ. वास्तविक हा पत्ता नव्हे, ही वाट आहे. पाहुण्याला आपण 'स्थानकावरून उजवीकडे वळा, मारुतीच्या देवळामागे दुसरे घर' असे सांगतो, तसाच हा प्रकार. ही खूण स्थानकावर उतरणाऱ्याच्याच उपयोगाची. दुसऱ्या बाजूने गावात शिरणाऱ्याला ती चकवील. वरील ओळही क शी थेट संबंध असलेल्या यंत्रालाच उपयोगी पडते.

'मी', 'इथे', 'उद्या' या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थल-कालावर अवलंबून असतो. या गुणधर्माला भाषाविज्ञानात निर्देशकता म्हणतात. यूयूसीपीची वाट अशीच निर्देशक आहे. याउलट 'मु. पो. अमुक, ता. अमुक, जि. अमुक' हा पत्ता कोठूनही लिहिला तरी तोच राहतो. वाट शोधणे हे टपालखात्याचे काम ठरते. वाट पाठवणाऱ्याने सांगायची की पोहोचवणाऱ्याने शोधायची, हा या दोन रीतींमधील मूलभूत भेद आहे. पुढे यंत्रांच्या संबंधांचे नकाशे संकलित करून त्यांवरून वाट काढून देणारी पाथअलायस ही आज्ञावली तयार झाली आणि पाठवणाऱ्याचा भार काहीसा हलका झाला.

५.२.३ संदिग्धता

आता या दोन रीती एकाच ओळीत आल्या, तर काय होईल ते पाहू :

क!ख@ग

@ ला प्राधान्य देणारे यंत्र ही ओळ (क!ख)@ग अशी वाचते : पत्र आधी ग कडे न्या, मग ग ने ते क वरील ख या व्यक्तीसाठी धाडावे. उद्गारचिन्हाला प्राधान्य देणारे यंत्र तीच ओळ क!(ख@ग) अशी वाचते : पत्र आधी क कडे न्या, मग क ने ते ग वरील ख साठी धाडावे. चिन्हे तीच आणि त्यांचा क्रमही तोच, तरी घटकांची जुळणी वेगळी होते आणि पत्र भलत्याच दिशेला निघते.

मराठीतही असे घडते. 'प्रसिद्ध लेखकांचे संमेलन' यात प्रसिद्ध कोण, लेखक की संमेलन? 'प्रसिद्ध' हे विशेषण विकारी नसल्यामुळे दोन्ही अर्थ संभवतात. 'मोठ्या लेखकांचे संमेलन' आणि 'मोठे लेखकांचे संमेलन' यांत मात्र संदिग्धता उरत नाही, कारण विशेषणाचे रूपच ते कोणत्या नामाशी जोडायचे हे दाखवते. माणसांच्या भाषेत असा विकार किंवा संदर्भ मदतीला येतो. क!ख@ग या ओळीत विकार नव्हता, आणि संदर्भ ओळखण्याची शक्ती यंत्रात नव्हती.

५.२.४ दुभाषी यंत्रे

दोन जालांच्या सीमेवर दोन्हींचे नियम जाणणारे एखादे यंत्र असे. त्याला गेटवे म्हणत. आपण त्याला दुभाषी यंत्र म्हणू. बिटनेटवरील रमाला बाहेरच्या जालावरून पत्र लिहायचे झाल्यास पत्ता असा होई :

रमा%क.बिटनेट@ग

येथे ग हे दुभाषी यंत्र आहे. पत्र तेथे पोहोचले की ते यंत्र % च्या जागी @ घालून उरलेला पत्ता नव्याने वाची. % चा हा उपयोग कोणत्याही अधिकृत प्रमाणाने ठरवून दिलेला नव्हता. गरजेतून तो रुळला आणि देशोदेशी समजला जाऊ लागला. व्याकरण लिहिले जाण्यापूर्वी प्रयोग रूढ होतो, या तत्त्वाचा हा बोलका दाखला आहे.

दुभाष्याच्या हातून अक्षरेही बदलत. बिटनेटवरील आयबीएमची यंत्रे एब्सिडिक ही अक्षरतालिका वापरीत, तर इतर जालांवर प्रामुख्याने आस्की तालिका होती. तालिका बदलताना चौकोनी व महिरपी कंस यांसारखी चिन्हे विकृत होत.

५.२.५ क्रमाचा प्रश्न

ब्रिटनच्या जॅनेटवर पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जाई : आधी देश, मग शैक्षणिक क्षेत्र, मग विद्यापीठ, शेवटी विभाग. इतरत्र स्थिरावत असलेली रीत नेमकी उलट होती. त्यामुळे सीमेवरील यंत्राला क्रम कोणता, याचा तर्क करावा लागे. संगणकशास्त्र विभागाचे लघुरूप 'सीएस' असे होते, आणि 'सीएस' हीच चेकोस्लोव्हाकियाची देशखूण होती. जॅनेटच्या क्रमात हे लघुरूप शेवटी आले की विभागासाठीचे पत्र त्या देशाला उद्देशून असल्याचा समज होऊ शके.

दोन्हींपैकी कोणता क्रम अधिक तर्कशुद्ध? एकही नाही. आपण दिनांक दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितो; इतर समाज निराळ्या क्रमाने लिहितात. जॅनेटवर १९९१ मध्ये आयपी सेवा सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत जुना क्रम मागे पडला. तो सदोष ठरला म्हणून नव्हे, तर बाहेरच्यांची संख्या मोठी होती म्हणून.

५.२.६ एकसूत्रता आणि भारत

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी श्रेणीबद्ध नामव्यवस्था मांडली. १९८६ मध्ये तिला टपाल-नोंदीची नवी जोड मिळाली. एखादी संस्था जालाशी थेट जोडलेली नसली, तरी तिचे पत्र कोणत्या यंत्राकडे सोपवावे हे त्या नोंदीवरून कळू लागले. वाट पत्त्यातून बाहेर पडली आणि पत्ता केवळ पत्ता राहिला.

याच सुमारास, १९८६ मध्ये, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ घटक त्यात होते. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ही सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी वाहिनी सुरू झाली. म्हणजे सेकंदाला फार तर १,२०० रोमन अक्षरे. १९९२ मध्ये मुंबईतील केंद्रापासून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटची वाहिनी कार्यान्वित झाली. देशाबाहेर जाणाऱ्या विद्यापीठीय पत्रांची वेस अशा रीतीने मुंबईत होती.

त्या पत्रांत मराठी लिहायची तर ती रोमन अक्षरांत. १९९२ मध्ये माइम हे प्रमाण आले. कोणताही मजकूर, अक्षरतालिका बदलली तरी न बिघडणाऱ्या ६४ चिन्हांत बांधून पाठवण्याची सोय त्यात होती. युनिकोडच्या आजच्या प्रचलित संकेतनात देवनागरीतील 'म' तीन बाइट घेतो. ते या पद्धतीने चार चिन्हे होऊन प्रवास करतात आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा 'म' होतात. जुन्या जालांमधील बेबनावातून निघालेली तोड अशी आपल्या लिपीच्या उपयोगी पडली.

५.३ सारांश

पत्ता हे भाषिक विधान आहे. त्याचा अर्थ चिन्हांत नसून ते वाचण्याच्या करारात असतो. करार भिन्न असतील, तर दुभाषी लागतो किंवा सर्वांना एक प्रमाण मान्य करावे लागते. दुभाषी विविधता राखतो, परंतु चुकांना वाव देतो. प्रमाण चुका कमी करते, परंतु कोणाला तरी आपली रीत सोडावी लागते. ती कोणी सोडावी, हे बहुधा तर्काने नव्हे, तर संख्येने व सामर्थ्याने ठरते. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधांचा विचार करताना, पुढील घटकात, हे सूत्र आपणांस उपयोगी पडेल.

५.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'क!ख!ग!रमा' ही ओळ निर्देशक आहे, असे का म्हटले आहे?
२. क!ख@ग या ओळीचे दोन अर्थ कंस घालून दाखवा.
३. अविकारी विशेषणामुळे संदिग्ध होणारी मराठीतील आणखी दोन पदबंधांची उदाहरणे द्या.

५.५ स्वाध्याय

आपल्या घरी येण्याची माहिती (अ) टपालाच्या पत्त्याच्या रूपात आणि (आ) शेजारच्या गावाहून येणाऱ्या पाहुण्याला सांगावी तशी, अशा दोन प्रकारे लिहा. दोन्हींमधील निर्देशक शब्द अधोरेखित करा व त्यांची तुलना सुमारे १५० शब्दांत करा.