न सरणारा मदतनीस

पुण्याच्या आसपासच्या खाणींत सुरुंग लावून काळा कातळ फोडला, की त्याच्या पोकळ्यांतून कधी कधी शुभ्र, चकचकीत स्फटिक बाहेर पडतात. त्यांपैकी काही झिओलाइट जातीचे असतात. हा दगड तापविला असता त्यातून वाफ निघते. म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले. त्याच्या अंगी डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात.

या छिद्रांचा उपयोग कोणता? काही रासायनिक क्रिया अतिशय मंद असतात. त्यांत विशिष्ट पदार्थ मिसळला, की त्या झपाट्याने घडतात. आणि तो पदार्थ मात्र अखेरीस होता तसाच उरतो. नावाडी उतारूंना पैलतीरी पोहोचवितो व पुढील उतारूंसाठी परत येतो, तसेच हे. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. झिओलाइटच्या छिद्रांत ही क्रिया उत्तम रीतीने घडते.

पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. १९८० नंतरच्या दशकात तेथे डॉ. पॉल रत्नसामी व त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत घडविलेल्या झिओलाइटांवर संशोधन करीत होते. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. प्लॅस्टिकच्या धंद्यास इथाइल बेंझीन लागे. ते तयार करण्यासाठी अॅल्युमिनियम क्लोराइड हा उत्प्रेरक वापरीत. त्याने नळ व पात्रे कुरतडली जात. शिवाय काम झाल्यावर तो पाण्याने धुऊन काढावा लागे. ते आम्लयुक्त सांडपाणी टाकावयाचे कोठे?

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी निराळी वाट शोधली. साखर कारखान्यातील मळीपासून अल्कोहोल मिळते. त्याची व बेंझीनची वाफ त्यांनी तप्त झिओलाइटवरून नेली. इथाइल बेंझीन तयार झाले. आणि त्या क्रियेत सोबत निघाले ते मुख्यतः पाणी! कालांतराने स्फटिकांच्या छिद्रांत काजळी साचते. पण ती जाळून काढली, की स्फटिक पुन्हा कामास सिद्ध होतात. ही रीत ‘अल्बीन’ या नावाने कारखान्यातही वापरली गेली.

बेंझीन अद्यापि मुख्यतः खनिज तेलापासून मिळते व ते विषारीही आहे; तेव्हा सारा प्रश्न सुटला असे नव्हे. परंतु घाण करून मग ती धुण्यापेक्षा ती मुळात होऊच न देणे अधिक शहाणपणाचे, हा धडा या लहानशा स्फटिकाने दिला आहे.

स्वाध्याय
१. उत्प्रेरकास नावाड्याची उपमा का दिली आहे?
२. जुन्या रीतीपेक्षा नवी रीत कोणत्या बाबतींत सरस ठरली?