काचेची नळी मागताना दोन आकडे सांगा



बांगड्या भरायला गेले की कासार विचारतो, “दोन-चार की दोन-सहा?” दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, अर्थात सव्वादोन इंच. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचे, कारण हात आतून जायचा असतो. आपल्याकडच्या केळीच्या बागांत पाण्यासाठी टाकतात ती ६३ किंवा ७५ मिलिमीटरची पीव्हीसी पाईप मात्र बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते, कारण ती जोडाच्या आत बसायची असते. शिवाय शेतकरी दुकानात एवढेच सांगून थांबत नाही. पाईप चार किलोची हवी की सहा किलोची, हेही सांगतो. हा दुसरा आकडा दाबाचा असला तरी पाईपची भिंत किती जाड असेल ते त्यावरूनच ठरते.

काचेच्या नळीचेही असेच आहे. लोधीपुऱ्यात काय किंवा पुण्यामुंबईत काय, शाळेच्या यादीत बहुधा “काचेची नळी, १० मि.मी.” एवढेच लिहिलेले असते. ही मागणी अपुरी आहे. नळी ज्योतीवर तापवून वाकवायची, ओढायची किंवा फुंकायची असेल तर भिंतीची जाडी कळल्यावाचून काम नीट होत नाही, आणि कधी कधी हात कापतो. म्हणून या अंकात आम्ही हा धडा घेतला आहे.

तीन मापे

नळीला तीन मापे असतात : बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि आतला व्यास. यांतली दोन कळली की तिसरे काढता येते.

आतला व्यास = बाहेरचा व्यास − (२ × जाडी)

जाडी दोनदा वजा करायची, कारण व्यास नळीच्या दोन्ही भिंतींतून जातो. पुष्कळ मुले येथेच चुकतात.

आता बाहेरचा व्यास १० मि.मी. असलेल्या बोरोसिलिकेट काचेच्या तीन नळ्या पाहू. या काचेच्या एका घन सेंटिमीटरचे वजन २.२३ ग्रॅम असते.

जाडी १ मि.मी. : आतला व्यास ८ मि.मी., एक मीटर नळीचे वजन सुमारे ६३ ग्रॅम.
जाडी १.५ मि.मी. : आतला व्यास ७ मि.मी., वजन सुमारे ८९ ग्रॅम.
जाडी २ मि.मी. : आतला व्यास ६ मि.मी., वजन सुमारे ११२ ग्रॅम.

बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात आणि बुचाच्या एकाच भोकात बसतात. पण तिसरीत पहिलीच्या जवळजवळ पावणेदोन पट काच आहे. नळी वजनावर घेतली तर एका किलोत पहिली सुमारे १६ मीटर मिळेल, तिसरी ९ मीटरच.

ज्योतीवर काय घडते?

ज्योतीवर काच तापवून आकार देण्याच्या कामाला लॅम्पवर्किंग म्हणतात. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर होत असे, म्हणून हे नाव. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

(१) ओढणे. नळी मऊ करून, न फुंकता, दोन्ही बाजूंना ओढली की व्यास आणि जाडी एकाच प्रमाणात घटतात. १० मि.मी. व्यासाची, १ मि.मी. जाडीची नळी ओढून २ मि.मी. व्यासाची केली, तर भिंत ०.२ मि.मी. राहते. ड्रॉपरचे टोक मजबूत हवे असेल तर मुळात जाड भिंतीची नळी घ्यावी लागते ती यासाठी.

(२) फुंकणे. फुगा करताना काच वाढत नाही, आहे तीच पसरते. वरच्या नळीची ३० मि.मी. लांबी मऊ करून २० मि.मी. व्यासाचा फुगा केला तर त्याची भिंत सुमारे ०.७ मि.मी. होते. तेवढ्याच काचेचा ४० मि.मी.चा फुगा केला तर भिंत जेमतेम ०.१७ मि.मी. उरते. व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो आणि जाडी चौथाईवर येते. असा फुगा बोटाच्या दाबानेही फुटतो. मोठा फुगा हवा असेल तर आधी नळीची मऊ काच दाबून एके जागी गोळा करतात, मग फुंकतात.

(३) तापणे व निवणे. काच उष्णता सावकाश वाहून नेते. बाहेरचा थर तापून प्रसरण पावतो तेव्हा आतला थर अजून थंड असतो. या ओढाताणीतून तडा जातो. भिंत दुप्पट जाड असेल तर उष्णता आरपार जायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून जाड नळी आधी ज्योतीच्या वर लांब धरून फिरवत शेकावी आणि काम झाल्यावर तितक्याच सावकाश निवू द्यावी.

कंदिलाची काच आठवा. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. त्याआधी १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावला काच कारखाना काढला होता. कंदिलाची काच पातळ असते, म्हणून ज्योतीभोवती राहूनही टिकते. पण तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की तीही तडकते, कारण तेवढीच जागा एकाएकी आकसते.

काच कोणती, तेही विचारा

साध्या सोडा काचेची एक मीटर लांबीची कांडी १०० अंश सेल्सिअसने तापवली तर ती सुमारे ०.९ मि.मी. वाढते, बोरोसिलिकेटची सुमारे ०.३३ मि.मी. म्हणून या दोन काचा एकमेकींना जोडू नयेत. गरम असताना जोड पक्का वाटतो, निवताना तडकतो. सोडा काचेची बारीक नळी स्पिरिटच्या दिव्यावर वाकते. बोरोसिलिकेटला मात्र ऑक्सिजन मिसळलेली गॅसची ज्योत लागते. ते काम शाळेतले नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत त्यासाठी शिकलेले कारागीर असतात.

नळी कशी तपासावी?

व्हर्नियर कॅलिपरने बाहेरचा व्यास तीन ठिकाणी मोजा. टोकाशी भिंतीची जाडी चार बाजूंनी मोजा. एक बाजू जाड व एक पातळ असेल तर ती नळी वाकवायला किंवा फुंकायला घेऊ नका. पातळ बाजू आधी मऊ होते आणि तिथेच भोक पडते. व्हर्नियर आत शिरत नसेल तर पाण्याने मोजा : नळीच्या १० सें.मी. लांबीत ५ मि.लि. पाणी मावले तर आतला व्यास ८ मि.मी. समजावा.

कापलेले टोक ज्योतीवर फिरवून गुळगुळीत केल्याशिवाय वापरू नये. नळी बुचात घालताना ती ओली करावी, हाताला जाड फडके गुंडाळावे, बुचाच्या जवळ धरून फिरवत सरकवावी. लांबून धरून दाबली की नळी मोडते आणि टोक तळहातात घुसते. ज्योतीवरचे काम गुरुजी किंवा बाईंसमोरच, चष्मा लावून करावे.

आता मागणी अशी लिहा : “सोडा काचेची नळी, बाहेरचा व्यास १० मि.मी., भिंत १ मि.मी.”

सराव

१. बाहेरचा व्यास १२ मि.मी., भिंत १.५ मि.मी. आतला व्यास किती?
२. हीच नळी न फुंकता ओढून ४ मि.मी. व्यासाची केली. आता भिंत किती?
३. दोन नळ्यांची भिंत १ मि.मी.च आहे, पण व्यास १० व २० मि.मी. आतून जास्त दाब कोणती सोसेल?

उत्तरे : १. ९ मि.मी. २. ०.५ मि.मी. ३. १० मि.मी.ची, सुमारे दुप्पट.