बर्फाच्या गावी जाताना दोन दिवस हाताशी ठेवा

डिसेंबर-जानेवारीत मनालीला निघालेलं कुणी भेटलं की मी आधी विचारते, परतीचं विमान कधीचं? ‘मनाली झालं की दुसऱ्याच दिवशी’ असं उत्तर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. हिमवादळात जिवावर बेततं ते बहुतेक वेळा ‘आज काहीही करून खाली पोचायचंच’ या घाईपायी.

अशाच एका संध्याकाळी आम्ही अटल बोगद्याच्या अलीकडे अडकलो होतो. बोगद्यापलीकडच्या सिस्सूहून निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण रस्ता कोरडा होता. नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडून मनालीच्या बाजूला आलो, तर सगळा उतार पांढरा. पुढे एक गाडी घसरून आडवी झाली आणि रांग जागच्या जागी थांबली.

आमचा ड्रायव्हर कुल्लूकडचा. तो फावडं घेऊन खाली उतरला आणि आधी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचं बर्फ त्यानं उकरून काढलं. मग रात्रभर तेच चाललं. इंजिन थोडा वेळ चालू, पुन्हा बंद. चालू करण्याआधी दर वेळी उतरून नळी मोकळी करायची. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी. मुलं कुडकुडत होती, तरी काच त्यानं लावू दिली नाही. नळी बर्फानं बुजली की इंजिनाचा धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मुरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, त्यातली काही याच वायूनं.

हिवाळ्यातली ही वादळं न सांगता येत नाहीत. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिमालयाला येऊन धडकतात आणि हवामान खातं सहसा दोन-तीन दिवस आधी यलो, ऑरेंज किंवा रेड अलर्ट देतं. अलर्ट बघताना कुल्लू आणि लाहौल-स्पिती हे दोन्ही जिल्हे बघा, कारण बोगद्याचं एक तोंड इकडे आणि दुसरं तिकडे. ऑरेंज दिसला की वर जायचा बेत सोडून द्या. पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडत असतील, तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आंटीजींची तयारी पाहण्यासारखी होती. आभाळ दाटलं की त्या बादल्या, पातेली, हंडे सगळं भरून ठेवायच्या, कारण नळ गोठला की घरात पाणी नाही. लाकडं पडवीत यायची. पीठ, राजमा, मेणबत्त्या आधीच भरलेल्या. खोलीत धुराडं असलेला पत्र्याचा तंदूर. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून झोपायला सक्त मनाई. तुम्ही जिथे उतराल तिथे एवढं विचाराच: वीज गेली तर खोली कशानं तापणार, आणि धूर कुठून बाहेर जाणार?

गाडीत माणशी एक ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ, रोजची औषधं, टॉर्च, फावडं आणि भरलेली टाकी हवीच. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. अडकलात तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ लावा. गाडी सोडून अंधारात चालत निघू नका.

सगळ्यात फसवा असतो वादळानंतरचा दिवस. लख्ख ऊन पडतं, लोक हुरळून बाहेर पडतात. पण निरभ्र रात्री गारठा दरीत उतरून साचतो, दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठतं, आणि वर काचेसारखा थर येतो. सावलीतली वळणं तर दुपारपर्यंत तशीच राहतात. तेव्हा ऊन रस्त्यावर पोचल्याशिवाय निघू नका. ताजं बर्फ तीव्र उतारावरून कोसळण्याची भीतीही याच काळात जास्त, म्हणून नाल्यांच्या तोंडाशी फोटोसाठी थांबायचं नाही. घरांच्या पत्र्यावरचं बर्फही एकदम घसरून येतं, वळचणीखाली मुलांना उभं करू नका.

आणि एक गोष्ट निघण्याआधीच ड्रायव्हरशी बोलून घ्या: रस्ता बिघडला तर आपण थांबू, आणि थांबलेल्या दिवसाचे पैसे आम्ही देऊ. त्याला रस्ता कळतो, पण पुढचं भाडं हातचं जाईल या धास्तीनं आणि आपल्या विमानाच्या घाईनं तो नको तेव्हा गाडी काढतो. हा खर्च प्रवासाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. तो धरलेला असला की ‘आज नको’ म्हणणं त्यालाही सोपं जातं आणि आपल्यालाही.