आजीचा उभा दिवा : आधी वायर, मग चकाकी

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत आजी सहज म्हणाली, "अगं, त्या दिव्याला हात लावला की मुंग्या येतात. जुना झालाय ना!" आजोबांचा तो उभा दिवा. त्याच्याच उजेडात ती रोज रात्री पोथी वाचते. मुंग्यांची तिला सवय झाली होती, मला मात्र घाम फुटला. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात आणि १०-१५ च्या पुढे हात चिकटतो, सोडवता येत नाही. ६० वॅटच्या साध्या बल्बमधून २३० व्होल्टला २६० मिलिअँपिअर वाहतात!

प्लग काढला आणि सुट्टीनंतर दिवा एसटीने कॉलेजला आणला. (कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलंच.)

आधी ओळख. होल्डर खाचेचा असेल तर दिवा ब्रिटिश पद्धतीचा, म्हणजे आपल्याकडचा. आट्यांचा असेल तर बहुधा युरोप-अमेरिकेचा. अमेरिकेतला दिवा ११०-१२० व्होल्टचा, तो आपल्याकडे थेट लावू नये. स्विच बेकलाइटचा असेल तर तो १९०७ नंतरचा, कारण बेकलाइटचा शोधच तेव्हाचा. दांड्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता पितळी मुलामा. बैठक वजनासाठी बिडाची असते, म्हणून ती तपासून कळत नाही.

आमचा दांडा अस्सल पितळेचा निघाला. मी लगेच चिंच घेऊन बसले. सर म्हणाले, "आधी खालचं झाकण उघड."

आतल्या वायरवर कापडाचं वेष्टन, त्याखाली रबर. नळीच्या तोंडाशी, जिथे वायर वळते, तिथे रबर सुकून त्याचा चुरा झाला होता. बल्ब काढून, दोन्ही तारा एकत्र करून, त्या आणि दांडा यांच्यात मेगर लावला. निदान १ मेगओहम तरी हवा. काटा त्याच्या खूपच खाली. दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, म्हणून फ्यूजही कधी उडाला नाही.

जुन्या वायरच्या टोकाला नवी तीन-कोअर वायर बांधून नळीतून ओढून घेतली. तोंडाशी रबरी बुश बसवला. हिरवी तार दांड्याला स्क्रूने घट्ट केली, स्विच फेजमध्ये घेतला आणि तीन पिनांचा प्लग लावला. परत मेगर लावला, तेव्हा कुठे चिंच! (मुलाम्यावर मात्र चिंच घासू नका, मुलामा निघून जातो.) घरच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, तेही वायरमन काकांकडून तपासून घेतलं.

आता आजी बिनधास्त दिवा सरकवते. पण आपल्या हॉस्टेलचं काय? सॉकेटमध्ये उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी खोचणारे आपणच ना? तुमच्या टेबल लॅम्पला किंवा इस्त्रीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आजच प्लग काढा आणि लॅबमध्ये घेऊन या. मेगर आहेच.